फ्लोरिडातली सरकारी ऑनलाइन शाळा: मुलीला पूर्णवेळ घालावं का?

ऑर्लँडोला बदली होतेय, मुलगी नववीत जाणार, शाळा ऑनलाइनच केली तर चालेल का, असं विचारलंय. चालेल, पण मी असते तर सुरुवात एखाद्या विषयाने केली असती.

फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल ही १९९७ पासूनची सरकारी शाळा. राज्यातल्या रहिवाशांना फी नाही, शिक्षक राज्याचे प्रमाणपत्र असलेले. तिथे दोन वाटा आहेत. 'फुल टाइम' म्हणजे खरोखरची शाळा: ठरलेलं वेळापत्रक, राज्याच्या परीक्षा, शेवटी डिप्लोमा, म्हणजे बारावी पूर्ण केल्याचा दाखला. 'फ्लेक्स'मध्ये नेहमीच्या शाळेत जाता जाता एक-दोन विषय आपल्या गतीने करायचे. गुण मूळ शाळेत जमा होतात, डिप्लोमाही तीच देते. नुसते व्हिडिओ बघून सुटका नाही बरं का, शिक्षक फोनवर तोंडी घेतात!

मला आवडतो तो पैशाचा हिशेब. मुलांनी नावं घातली म्हणून अनुदान मिळत नाही, विषय यशस्वीपणे पूर्ण झाला तरच मिळतं. त्यामुळे मागे पडलेल्या मुलाचा पाठपुरावा शाळेलाच करावा लागतो.

सगळीकडे असं नाही. ओहायोतली 'इकॉट' ही प्रचंड ऑनलाइन चार्टर शाळा (म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण चालवणारे खाजगी) मुलांच्या हजेरीवर घेतलेल्या सरकारी पैशाच्या वादात २०१८ च्या जानेवारीत वर्षाच्या मधेच बंद पडली आणि हजारो मुलं अडकली. त्यामुळे दुसऱ्या राज्यात गेलात तर शाळा कोण चालवतं हे आधी बघा.

आणि नवीन देशात पहिल्याच वर्षी मैत्रिणी कुठून मिळणार, हेही तिलाच विचारा.