कार्बन डायऑक्साइड वायू आत सोडल्यावर काही सर्फॅक्टंट (साबणासारख्या पदार्थांची) द्रावणे घट्ट का होतात आणि पुन्हा पातळ कशी होतात?

याचे मूळ रेणूंवरील विद्युत प्रभारात आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बॉनिक आम्ल तयार होते, द्रावणाचा सामू उतरतो आणि द्रावणातील रेणूंचे अमाइन गट (नायट्रोजन असलेले अल्कधर्मी भाग) प्रोटॉन स्वीकारून धनप्रभारित होतात. सोडियम डोडेसिल सल्फेट हा सर्फॅक्टंट आणि दोन अमाइन गट असलेले टेट्रामिथाइल प्रोपेनडायअमाइन यांच्या मिश्रणात ही क्रिया फार सुंदर रीतीने घडते: डायअमाइनच्या एका रेणूवर 2 धनप्रभार येतात, तो सल्फेटच्या 2 ऋणप्रभारित रेणूंना जवळ आणतो, त्यांच्या प्रभारित टोकांमधील (शीर्षांमधील) प्रतिकर्षण घटते आणि गोलाकार मायसेल, म्हणजे सर्फॅक्टंट रेणूंचे पुंजके, लांबत जाऊन कृमीसदृश होतात. हे लांब, लवचिक मायसेल एकमेकांत गुंतले, की सहज वाहणारे द्रावण जेलीसारखे घट्ट बनते.

त्यातून हवा किंवा नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने सोडल्यास कार्बन डायऑक्साइड निघून जातो, अमाइन प्रभारहीन होते आणि गुंता सुटतो. मात्र घट्ट द्रावणातून वायू बाहेर काढण्यास वेळ लागतो, हे लक्षात घ्यावे.

माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल वेगळेच आहे. आम्ल आणि अल्कली आळीपाळीने घालून असाच बदल घडवला, तर प्रत्येक फेरीत क्षार साचत जाऊन द्रावण बिघडते. येथे वायू बाहेर पडतो आणि मागे काहीच उरत नाही.