‘पुट’ला जर्मनमध्ये काय म्हणायचं?

प्रश्न : मी जर्मनच्या ए-२ (सहापैकी दुसऱ्या) पातळीची तयारी करते आहे. इंग्रजी ‘पुट’साठी शब्दकोशात श्टेलन, लेगन, झेत्सन, श्टेकन, हेंगन असे पाच शब्द दिसतात. कुठला कधी वापरायचा? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी ‘पुट’ बाजूला ठेवा आणि वाक्य मराठीत म्हणा. निम्मं काम तिथंच होतं. शर्ट आपण ‘घालतो’ : आनत्सीयन. आग ‘विझवतो’ : ल्योशन. बैठक ‘पुढे ढकलतो’ : फेरशीबन, आणि त्यातल्या शीबनचा अर्थ खरोखरच ढकलणे. चहात साखर ‘घालतो’ : बोलताना टून, पाककृतीत गेबन. किल्ली कुलपात, हात खिशात, म्हणजे एखादी वस्तू कशाच्या आत सरकवायची असेल तर श्टेकन. चित्र भिंतीला ‘लावायचं’ किंवा कोट खुंटीला अडकवायचा तर हेंगन.

उरतं आपलं ‘ठेवणे’. इथे मराठीची मदत संपते, कारण वस्तू उभी ठेवली की आडवी, हे आपल्या क्रियापदातून कळत नाही. जर्मनमध्ये ते सांगावंच लागतं. फ्रिजमध्ये बाटली उभी ठेवली तर श्टेलन, आडवी ठेवली तर लेगन. पुस्तक फळीवर इतरांच्या रांगेत उभं असेल तर श्टेलन, टेबलावर पडलेलं असेल तर लेगन. ताटली चपटी असूनही तिला श्टेलन लागतं आणि इथे बहुतेक जण चुकतात. ती आपल्या बुडावर टेकते, म्हणून जर्मन माणसाच्या लेखी ती ‘उभी’ असते. चमच्याला तसं बूड नाही, तो लेगन. मुलाला खुर्चीत बसवायचं तर झेत्सन, बाळाला पाळण्यात निजवायचं तर लेगन. स्वल्पविराम द्यायलाही झेत्सनच, पण प्रश्न विचारायला श्टेलन. हे दोन सरळ पाठ करा.

प्रश्न : ‘आउफ डेन टिश’ आणि ‘आउफ डेम टिश’ (दोन्हींचा अर्थ ‘टेबलावर’) यांत माझी नेहमी गफलत होते.

उत्तर : होणारच. ‘पुस्तक कुठे ठेवू?’ आणि ‘पुस्तक कुठे आहे?’ या दोन्हींना आपण ‘कुठे’च म्हणतो. जर्मन पहिल्याला वोहिन म्हणते आणि दुसऱ्याला वो. वोहिनचं उत्तर अकुझाटिव्ह या विभक्तीत येतं (डेन टिश), वोचं डाटिव्ह या विभक्तीत (डेम टिश). आउफ (वर), इन (आत), आन (ला लागून), उंटर (खाली) यांसारख्या नऊ शब्दयोगींना हा नियम लागतो.

त्यासोबत क्रियापदही बदलतं. ठेवण्याची कृती संपली की श्टेलनचं श्टेहन होतं, लेगनचं लीगन, झेत्सनचं झित्सन. हेंगन आणि श्टेकन दोन्हीकडे तेच राहतात. खरी चूक भूतकाळात होते. ‘मी पुस्तक टेबलावर ठेवलं’ हे ‘इश हाबं डास बूख आउफ डेन टिश गेलेग्ट’. इथे ‘गेलेगन’ आलं की वाक्य बिघडलं, कारण ते लीगनचं रूप आहे, पडून असण्याचं. हेंगनची तर भूतकाळात दोन रूपं होतात : अडकवलं तर गेहेंग्ट, अडकलेलं होतं तर गेहांगन.

सरावासाठी स्वयंपाकघर उत्तम. भांडी लावताना प्रत्येक वस्तूची दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा, एक ठेवतानाचं आणि एक ठेवून झाल्यावरचं. ताटल्यांपासून सुरुवात करा.