होडीतला कप्पा कुजतो कुठून?

प्रश्न : फायबर होडीत जाळी-दोर ठेवायला प्लायवूडचा कप्पा केला होता. दोन पावसाळ्यांत तळ कुजला, स्क्रू गंजले. नवा कसा करावा?
– एक वाचक, मालवण

उत्तर : पाणी मुख्यतः कापलेल्या कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून शिरतं. आयएस ७१० (भारतीय मानक) छापाचं मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, घ्या, १२ मिलिमीटर जाडीचं. कडांना इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या राळेचे) तीन हात द्या. पहिला तर लाकूड पिऊनच टाकतं. स्क्रूचं भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरा, कडक झाल्यावर त्यातच बारीक भोक पाडा. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचेच हवेत. पितळेचे नकोत, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त झिजतं. तळ होडीच्या बुडापासून २५ मिलिमीटर उचला, सखल कोपऱ्यात निचऱ्याचं भोक ठेवा. झाकणाला जाळीदार फट हवीच. ओली जाळी कोंडली की उत्तम प्लायही कुजतं.