रंग नंतर बघा, आधी नळाला कुठलं पाणी येतंय ते बघा

माशांच्या टाकीबद्दलच्या तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर अडकलो: "पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी सगळे निऑन मेले, गप्पी मात्र मजेत आहेत." हिंजवडीकडची नवी सोसायटी, दोन फुटी टाकी, लेकीसाठी आणलेले निऑन टेट्रा, गप्पी, टायगर बार्ब, एंजल, वर 'काच साफ करायला' एक सकर मासा. दुकानदार सांगतोय निळं औषध टाका, आणि तुम्ही विचारताय आता कुठले रंगीत मासे आणू. माशांची नावं थोडी इकडेतिकडे केली तर हे माझंच जुनं गाऱ्हाणं आहे.

टाकी तीन महिने चालू आहे म्हणताय, म्हणजे फिल्टर मुरलेला, त्यात उपयोगी जिवाणू वसलेले असणार. त्या प्राथमिक गोष्टींत जात नाही.

एकाच पाण्यात एक जात मरते आणि दुसरी ठणठणीत राहते, तेव्हा मी रोगाचा संशय शेवटी घेतो. निऑन मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, तिथलं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी. गप्पी, मॉली, प्लॅटी या मंडळींना क्षाराचं पाणी उलट मानवतं. हल्ली विकले जाणारे निऑन फार्मवर वाढलेले असतात, त्यामुळे मध्यम पाणी ते चालवून घेतात. पण एका संध्याकाळी झालेली उलथापालथ नाही चालवून घेत. आणि तुमच्याकडे बहुधा तेच झालंय: नेहमी महापालिकेचं पाणी, त्या दिवशी टँकरचं किंवा बोअरचं.

मी पुण्यातल्या पेठेतून शहराबाहेर राहायला गेलो तेव्हा हेच भोगलं. पेठेत खडकवासला धरणाचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) शंभरीच्या आसपास. निऑन, कार्डिनल, रमीनोज असे तिन्ही टेट्रा वर्षानुवर्षं सुखात होते. नव्या घरी तेच पाणी येतं असं ताबा देताना सांगितलं होतं. येत होतंही, पण अधूनमधून. बाकीचे दिवस तळघरातल्या टाकीत बोअर आणि टँकर मिसळायचे, आणि नळाला टीडीएस सहाशेच्या वर जायचा. साबणाला फेस येईना तेव्हा शंका आली, पण तोवर थवा गेला होता.

आता चीड कशाची, तर सोसायटीच्या ऑफिसची. माझी मागणी एवढीच होती की बोअर सुरू कराल त्या दिवशी नोटीस बोर्डावर एक ओळ लिहा. ऑफिसातला माणूस म्हणाला, हा कमिटीचा विषय. कमिटी म्हणाली, टँकरवाल्याला विचारा. लेखी अर्ज दिला, तर उत्तरादाखल पाळीव प्राण्यांच्या नोंदणीचा फॉर्म आला, त्यात कुत्र्याची जात आणि लसीकरणाची तारीख भरायची होती. मग एकदा वरच्या टाक्या धुतल्या. लिफ्टमध्ये कागद लावला होता, 'पाणी दोन तास बंद राहील'. ब्लीचिंग पावडर घालणार आहोत, हे लिहायची गरज कोणाला वाटली नाही. त्या पाण्याने जे उरले होते तेही पृष्ठभागावर येऊन धापा टाकायला लागले. क्लोरीनने कल्ले भाजतात, मग मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. लोक म्हणतात ऑक्सिजन कमी पडला आणि एअर पंप वाढवतात. शेवटी उपयोगी पडले ते व्हॉल्व्ह फिरवणारे प्लंबरकाका. चहा पिता पिता सांगायचे, "उद्या बोअर हाय, सर." तुम्हीही ऑफिसात वेळ घालवू नका, व्हॉल्व्ह कोण फिरवतं ते शोधा.

मी मत्स्यतज्ज्ञ नाही, अनुभवावरून सांगतोय. बोअरच्या पाण्याने दोन घाव बसतात. क्षार एकदम वाढले की माशाच्या शरीरातला पाण्याचा आणि मिठाचा तोल बिघडतो. दुसरा लपलेला: माशांच्या घाणीतून टाकीत तयार होणारा अमोनिया, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) कमी असताना बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. जास्त पीएचचं पाणी ओतलं की त्यातला मोठा भाग विषारी होतो. म्हणजे पाणी स्वच्छ दिसतं, आणि स्वच्छ पाण्याने मासे मरतात. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, यावर काही करत नाही. उलट फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं आणि काचेच्या जोडातलं सिलिकॉन कायमचं निळं करतं. मुख्य टाकीत टाकू नका.

टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो आधी घ्या. (मीटर एकूण क्षार सांगतो, पाणी किती जड आहे ते नेमकं नाही. त्यासाठी जीएच-केएचचं थेंबांचं किट लागतं. पण 'आज पाणी बदललंय' हे कळायला मीटर पुरतो.) बदलायचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढा, अँटीक्लोरीन घाला, मीटर बुडवा. टाकीतल्या आकड्याशी फार फरक असेल तर त्या दिवशी पाणी बदलूच नका, आठवडाभराने काही बिघडत नाही. घरच्या आरओचं पाणी थोडं मिसळून आकडा खाली आणता येतो, पण नुसतं आरओचं भरू नका.

आता मासे. तुमच्याकडे पाणी असं हेलकावे खात असेल तर निऑनचा नाद सध्या सोडा. प्लॅटी आणि नर गप्पी घ्या. मादी घेतलीत तर दोन महिन्यांत पिल्लं ठेवायला जागा शोधाल. सहा-आठ झेब्रा डॅनिओ: आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा, चिवट आणि सतत पळता. हनी गुरामीची जोडी घ्या, तीही इकडचीच. रंगात आलेला नर मधासारखा केशरी होतो. ड्वार्फ गुरामी जास्त भडक दिसतो, पण दुकानातल्या कित्येकांना विषाणूची लागण असते, म्हणून मी टाळतो. टायगर बार्ब परत करा, एंजल आणि गप्पीच्या लांब परांचे लचके तोडतो. एंजल मोठा झाला की निऑनएवढे छोटे मासे खातो. सकर फूटभराचा होतो. कंटाळून नदीत सोडू नका, हे परके मासे धरणांत शिरून मच्छीमारांची जाळी फाडतात.

माझं मत असं की दहा जातींचे दोन-दोन मासे म्हणजे जत्रेतलं खेळण्यांचं दुकान. एका जातीचा थवा आणि एखादी वेगळी जोडी, यात रंग जास्त खुलतो. तळाला पांढरी खडी असेल तर काढा. फिकट तळावर मासा स्वतः फिका पडतो, काळ्या वाळूवर तोच गडद होतो. दुकानात निळ्या-लाल दिव्याखाली बघून भुलू नका, साध्या उजेडात दाखवा म्हणा. गुलाबी-जांभळे काचमासे किंवा पॅरट मासे दिसले तर तो रंग बहुधा सुईने भरलेला किंवा रसायनात बुडवून दिलेला असतो, काही महिन्यांत उतरतो, मासा तोवर टिकलाच तर. मुलीला तेच आवडतील, तरी आणू नका.

एप्रिल-मेमध्ये टाकीवर पंखा लावलात तर पाणी एक-दोन अंशांनी उतरतं, पण वाफ जास्त होते आणि क्षार मागे राहतात. तेवढी भर आरओच्या पाण्याने घाला, बोअरच्या नको.

आत्ता टाकीतला, नळाचा आणि आरओचा, असे तीन टीडीएस मोजून इथे लिहा. मग किती पाणी कशात मिसळायचं ते बघू. तोवर नवा मासा आणू नका.