ताई, मना धंदा पाप शे का?

धंदा करणारी विश्वासी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा फिरून फिरून एकच गोष्ट विचारतात. नफा घेणं देवाला चालतं का, बाजारात सगळे करतात ते मी केलं तर मी कसला ख्रिस्ती, की सोडून देऊ हे सगळं आणि कुठंतरी नोकरी धरू? त्यातलीच एक केस सांगते. परवानगी घेऊन लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाव आपण सुरेशभाऊ धरू.

सुरेशभाऊ नंदुरबारला मिरचीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नंदुरबार हे मिरचीचं मोठं मार्केट, सीझनला शेतकरी ओली लाल मिरची आणतात, व्यापारी ती घेऊन पथारीवर, म्हणजे मिरची पसरायच्या मोकळ्या जागेवर, वाळवतात आणि बाया उन्हात बसून देठ खुडतात. भाऊ आले ते झोप लागत नाही म्हणून, घरात चिडचिड, छातीत जळजळ, डॉक्टरांचे रिपोर्ट नॉर्मल. मग हळूच म्हणाले की चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, असलं की मी काहीतरी कारण काढून आधीच उठतो, कारण स्वतःची परीक्षा करून मग घ्या असं प्रेषित पौलानं बायबलमध्ये लिहिलंय (१ करिंथ ११:२८) आणि मला ती परीक्षाच नको वाटते. आणि शेवटी एकदम अहिराणीत, "ताई, मना धंदा पाप शे का?"

मी त्यांना सरळ सांगितलं, भाऊ, धंदा पाप नाही. बायबलमधली लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करायची, पौल तंबू बनवून पोट भरायचा. जकातदार, म्हणजे कर गोळा करणारे, बाप्तिस्म्यासाठी आले आणि आम्ही काय करावं म्हणून विचारलं तेव्हा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानानं नोकरी सोडा म्हटलं नाही, ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका एवढंच म्हटलं (लूक ३:१३). ओली मिरची घ्यायची, वाळवायची, अवकाळी पाऊस आला तर पथारीवरचा सगळा माल काळा पडायची जोखीम घ्यायची आणि मग वाळलेली जास्त भावात विकायची, हा नफा मेहनतीचा आणि जोखमीचा आहे, त्याची लाज कशाला. पण "धंदा पाप आहे का" एवढं मोठं विचारलं ना की नेमकं काय टोचतंय ते त्याच्यामागं लपून जातं, हे मी खूप जणांत बघितलंय.

म्हणून मी कागद दिला आणि म्हटलं, ज्या ज्या गोष्टीनं झोप उडते ती लिहा, तिच्यात नुकसान कोणाचं ते लिहा आणि आपण ती का करतो ते लिहा. पुढच्या वेळी आले तर "का" च्या खाली सगळीकडे एकच, सगळे करतात. मी म्हटलं हे खोडा आणि खाली काय उरतं ते बघा.

पहिली गोष्ट कट्टी. दर पोत्यामागं दोन किलो कापायचे, एक पोत्याचा, एक ओलाव्याचा. आता प्लॅस्टिकचं रिकामं पोतं पाव किलोसुद्धा भरत नाही हे भाऊंनाही माहीत. ओलावा म्हणाल तर मिरची ओली आहे म्हणूनच तर तिचा भाव वाळलेल्यापेक्षा कमी लावलाय, म्हणजे ओलावा एकदा भावात कापला आणि परत वजनात कापला. मी विचारलं, शेतकऱ्याला हे असंच समजावून सांगाल का, काट्यासमोर उभं करून? भाऊ बराच वेळ गप्प, मग म्हणाले नाही सांगू शकत. मला वाटतं हेतू तपासायचा तर याहून सोपी कसोटी नाही, जे समोरच्याला उघड सांगून करता येत नाही तिथं हेतू बिघडलेला असतो. नीतिसूत्रे १६:२ मध्ये तेच आहे, माणसाला आपले सगळे मार्ग चांगलेच वाटतात पण देव आतलं मन तोलतो.

दुसरी गोष्ट देठ खुडणाऱ्या बायांची मजुरी, एक हप्ता कायम मागं ठेवलेला. भाऊ म्हणाले वरून पेमेंट उशिरा येतं, आणि ते खरंही होतं. पण पेमेंट आलं तरी हप्ता मागंच का? तर म्हणाले, पैसे अडकलेले असले की बाई दुसऱ्याच्या पथारीवर जात नाही. हे बोलले आणि स्वतःच मान खाली घातली. मजुराची मजुरी रात्रभर सुद्धा आपल्याकडे ठेवू नको (लेवीय १९:१३), हे वचन त्यांना पाठ होतं.

मग मी विचारलं हे सगळं लोभानं का हो भाऊ? तेव्हा त्यांच्या वडिलांचं निघालं. वडील दुसऱ्याच्या पथारीवर हमाली करायचे, पावसाळ्यात घरात उधारीची ज्वारी यायची, ते दिवस परत येतील ही भीती. म्हणजे आत लोभ कमी आणि भीती जास्त, आणि ती भीती दोन किलो कट्टीनं कधी गेलीच नाही, उलट वाढली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण लोभी आहेस म्हणून माणसाला झोडपलं तर तो एक तर निर्ढावतो नाहीतर मोडतो, आणि भीती ओळखली तर ती देवापुढं ठेवता येते. पण भीती होती म्हणून शेतकऱ्याची मिरची परत होत नाही, हेही मी बोलले.

भाऊ म्हणाले, मी दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देतो, चर्चला फॅन दिले, ते धरलं जाणार नाही का? नाही भाऊ. बायबलमधला जकातदार जक्कय येशूला म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचं फसवून घेतलं असेल तर त्याला चौपट परत देतो. दोन्ही वेगवेगळं, एकाच्या बदल्यात दुसरं नाही. शेतकऱ्याचं देणं शेतकऱ्यालाच द्यायचं, चर्चच्या पेटीत टाकून ते फिटत नाही, आणि पाळकांनीही अशी देणगी घेताना विचारावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढं काय झालं तर कट्टी बंद केली, काट्याचा डिस्प्ले शेतकऱ्याकडे फिरवला, बायांचा अडकलेला हप्ता देऊन टाकला. दोन बाया खरंच दुसरीकडे गेल्या, बाकीच्या राहिल्या. शेजारचे व्यापारी चिडले, मार्केट खराब करतो म्हणाले, नफा उतरला तो उतरलाच, देवानं लगेच दुप्पट दिलं वगैरे काही झालं नाही आणि मी कोणाला तसं सांगतही नाही. झोप मात्र सुधारली आणि प्रभुभोजनाला बसतात.

एक गोष्ट वेगळी सांगते. चूक दुरुस्त करूनही महिनोन् महिने अपराधी वाटत राहिलं, झोप-भूक गेली, जगावंसं वाटेना, तर तो फक्त विवेकाचा आवाज समजू नका, मानसोपचार डॉक्टरांना भेटा, मानसिक आधारासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. प्रार्थनाही करा, पण तेवढ्यावर थांबू नका.

भाऊंनी जुन्या वह्या काढून गेल्या सीझनची कट्टी मोजली आणि घरोघर जाऊन पैसे देतायत. एकानं घेतले आणि चहा पाजला, एकानं आधीच्या वर्षांचे कुठंय म्हणून चांगलंच सुनावलं आणि त्याचंही बरोबरच होतं. एक जण गुजरातला ऊसतोडीला गेलाय, फोन लागत नाही, तो गावी आला की जाणार आहेत.