गाडी चालवायची पद्धत बदलून पेट्रोलचं ॲव्हरेज खरंच वाढतं काय?

तुमचं म्हणणं, पेट्रोल गाडी आहे, बेळगावात 13 चं ॲव्हरेज पडायलंय, कंपनी 20 च्या वर सांगते, तर नुसतं चालवणं बदलून फरक पडेल काय. पडतो की, पण ते 20 आधी डोक्यातनं काढा. तो आकडा लॅबमध्ये गाडीची चाकं रोलरवर जागच्या जागी फिरवून, एसी बंद ठेवून काढलेला असतो, त्यात ना आपलं रेल्वे गेट येतं ना गल्लीतले स्पीडब्रेकर.

मी टिळकवाडीतनं रोज उद्यमबागला जातो, महिन्यातनं दोनदा कोल्हापूर. माझंही गावात 13 च्या आसपासच होतं, आता 16 पडतं. माझं पेट्रोल खरं म्हणजे ब्रेकमध्ये जात होतं. पुढं सिग्नल लाल दिसतोय तरी शेवटपर्यंत रेस देत जायचं आणि मग कचकन ब्रेक, म्हणजे पेट्रोल जाळून घेतलेला स्पीड सगळा ब्रेक पॅडवर घासून घालवायचा. आता लांबनंच पाय काढतो, गाडी गिअरमध्येच ठेवून आपोआप हळू होऊ देतो, मागचा हॉर्न मारतो तर मारू दे, तोही त्याच सिग्नलला येऊन थांबतो.

गिअरमध्येच हे मुद्दाम सांगतोय, कारण आमचे काका जुने ॲम्बेसिडरवाले, तवंदी घाट उतरताना न्यूट्रल करायचेच, पेट्रोल वाचतं म्हणून. कार्बोरेटरच्या गाडीला ते चालून जायचं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोलच बंद करतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं, उलट न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं पेट्रोल जातच राहतं. मीटरवर चालू ॲव्हरेज दाखवणारी गाडी असेल तर उताराला स्वतः बघा, पाय काढला की आकडा वर जाऊन टोकाला चिकटतो. शिवाय न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर, ते तापले की धरत नाहीत. आणि उताराला चावी बंद करणारे पण बघितलेत मी, त्यांना तर हात जोडावेत, दोनचार दाबात ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग पण जड.

चढाला मात्र कंजूषी नको. चोर्ल्याला वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत नेली की इंजिन ठकठक करतं आणि पेट्रोलही वाचत नाही, सरळ एक गिअर कमी करा.

हायवेला स्पीडच सगळं खातो. 80 वरनं 100 ला गेलात की हवेचा अडथळा दीडपटीच्या वर होतो, म्हणून कोल्हापूरला मी 80-85 वरच राहतो, फार तर पंधरावीस मिनिटं उशीर. तेवढ्या स्पीडला एसी लावला तर चालतो, काचा उघड्या टाकून 90 नं जाण्यापेक्षा बरा. टपावर कॅरिअर रिकामंच असेल तर काढून ठेवा.

गेट पडलं की इंजिन बंद करा. छोटी पेट्रोल गाडी उभ्या उभ्या तासाला अर्धा ते पाऊण लिटर पिते, म्हणजे दहा मिनिटांत चहाच्या ग्लासाएवढं तरी गेलंच.

आणि हवा! माझ्या गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर 33 लिहिलंय, मी बघितलं तेव्हा मागच्या दोन्ही टायरात 26 होती, आणि मी दोन महिने पंपवाल्याच्या नावानं शिव्या घालत होतो. टायर थंड असताना सकाळी बघा, लांब चालवून आल्यावर बघितली तर जास्तच दाखवते.

मोजायचं टाकी ते टाकी, त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरून, मग किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर काही ठरवू नका, मला पहिल्या टाकीला काहीच फरक दिसला नव्हता, पाय लवकर काढायची सवय लागायलाच पंधरा दिवस गेले.