तिला गोळ्यांचं महत्त्व कळतं, गोळी घ्यायला जागा नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की भावजय सहाव्या महिन्यात आहे. तिसऱ्या महिन्यातल्या रक्ततपासणीत तिला एचआयव्ही निघाला, मग भावाला तपासलं तर त्यालाही निघाला. तो गोळ्या नीट घेतो, तिच्या चुकतात. महिनाअखेर नऊ गोळ्या उरल्या म्हणून एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, तिला बोलणी बसली. घरात तुम्हा तिघांनाच माहीत आहे, तुमच्या आईला नाही. सातव्यात ती माहेरी जाणार. आणि तुम्ही विचारताय, ‘तिला गोळ्यांचं महत्त्व कसं पटवू?’

मी सतरा वर्षं सोलापूर भागात समुपदेशकाचं काम केलं, त्यातली बहुतेक गरोदर बायकांसोबत. माझं मत आधीच सांगते. महत्त्व तिला पटलेलं आहे. पोटात बाळ असलेल्या बाईला ते वेगळं पटवावं लागत नाही. तुमच्या घरात तिला कुणाच्या नजरेत न येता गोळी घ्यायला जागा नाही, अडचण तिथे आहे. त्या नऊ दिवसांचं तिला शांतपणे विचारा. कुणी पाहुणे होते का? गोळ्यांचा डबा ज्या खोलीत आहे तिथे कोण झोपलं होतं? कारण जवळजवळ नक्की तिथेच सापडेल.

माझ्याकडच्या बायका गोळ्या तांदळाच्या डब्यात ठेवायच्या, लुगड्याच्या घडीत ठेवायच्या. बाटली हलली की खुळखुळ वाजते म्हणून एकीने आत कापूस भरला होता. दुसरी एक पहाटे गोठ्यात, म्हशीची धार काढताना गोळी घ्यायची. वर्षभर एकही चुकली नाही. मग अचानक महिन्याला आठ-दहा उरायला लागल्या. आम्ही सगळे तिला गोळ्यांचं महत्त्व सांगत बसलो. तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, ‘मॅडम, म्हैस विकली.’ गोठ्यात जायचं कारणच संपलं होतं. तेव्हापासून मी ‘का चुकली’ हा प्रश्न सोडला आणि ‘कुठे घेतेस’ हा विचारायला लागले.

गरोदरपणात एक सोय असते. बाई गोळ्या खाते याचं कुणाला नवल वाटत नाही. लोहाच्या, कॅल्शियमच्या चालूच असतात, त्यांच्यातच ही एक जाऊ द्या. बाटलीवरचं लेबल काढा, पण गोळ्या त्याच बाटलीत राहू द्या, ओल लागू देऊ नका. मात्र एक गोष्ट बऱ्याच जणींना कुणी सांगत नाही. तिची गोळी तीन औषधांची एकत्र असेल, तर त्यातलं डोल्युटेग्राविर उपाशीपोटी लोह-कॅल्शियमसोबत घेतलं की अंगी कमी लागतं. जेवणासोबत घेतली तर ती लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत चालते. उपाशीपोटीच घ्यायची असेल तर लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. पित्ताच्या औषधांबद्दलही सेंटरवर विचारा. रात्रीच्या जेवणाची वेळ बहुतेकींना सोयीची पडते, सकाळच्या मळमळीचा त्रासही टळतो. एखाद्या दिवशी राहिलीच तर आठवेल तेव्हा घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही.

आता तुम्ही न विचारलेलं थोडं. गरोदरपणामुळे तपासणी आधी बाईची होते, म्हणून ‘रोग हिनेच आणला’ असं ठरतं. ज्याचा रिपोर्ट आधी, दोष त्याचा! कुणाला आधी लागण झाली हे त्या रिपोर्टवरून कळत नाही. हे वाक्य तुमच्या भावाने तिच्यासमोर स्वतः बोलायला हवं. तो आपल्या गोळ्या नीट घेतो हे चांगलंच आहे, पण त्याला लपून घ्याव्या लागत नाहीत, पुरुषाच्या खिशात कुणी हात घालत नाही. दोघांनी रात्री एकाच वेळी घ्यायला सुरुवात केली तर तुमचं निम्मं काम होईल.

सेंटरवर बोलणी बसली त्याचं मला फार वाईट वाटलं. रागावल्यावर बाई सुधारत नाही, पुढच्या वेळी उरलेल्या गोळ्या रस्त्यातच टाकून रिकामी बाटली दाखवते. मग डॉक्टरांना वाटतं सगळं ठीक आहे. तिला सांगा, उरलेल्या गोळ्या तशाच घेऊन जा आणि खरा आकडा सांग.

चूक माझ्याकडूनही झाली आहे. सुरुवातीच्या काळात औषध सुटलेल्या एका गरोदर मुलीच्या घरी मी संस्थेच्या गाडीतून गेले. गाडीच्या दारावर एड्सच्या लाल फितीचं चित्र होतं. मी दारात उतरले आणि गल्लीला जे कळायचं ते कळलं. ती मुलगी पुन्हा आमच्याकडे आली नाही. पुढे ती दुसऱ्या तालुक्यातून औषध घेते एवढं कळलं. त्यानंतर मी एसटीने जायचे, आणि आधी बाईलाच विचारायचे की कोण म्हणून येऊ.

माहेरचं मात्र आत्ताच ठरवा. आमच्याकडे सर्वांत जास्त औषधं इथेच सुटायची, बाळंतपणाच्या दोन-तीन महिन्यांत. सासरचं सेंटर लांब पडतं, माहेरी आईला सांगितलेलं नसतं, बाहेर पडायला निमित्त नसतं. जाण्याआधी हिरवं पुस्तक, म्हणजे तिच्या उपचारांची नोंदवही, घेऊन सेंटरवर जा, माहेरच्या जवळचं एआरटी सेंटर किंवा त्याला जोडलेलं छोटं लिंक सेंटर विचारा आणि कागद करून घ्या. बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत याची, तपासणी व्हायला हवी. ती कुठे होणार हेही तेव्हाच नक्की करा, कारण बाळाला कोणतं औषध द्यायचं ते बरंचसं त्या आकड्यावर ठरतं.

बाळंतपण कुठे होणार तेही आताच बघून ठेवा. फक्त एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियनची गरज नसते. आणि २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार केवळ या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत, आणि कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तिच्या संमतीशिवाय तिची माहिती कुणाला देता येत नाही. केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरात लिहिणं, पलंगावर पाटी लावणं हे चूक आहे. हातमोजे आणि बाकीची काळजी प्रत्येक बाळंतिणीसाठी सारखीच असते. अडवणूक झाली तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

दुधाबद्दल सगळ्यांत जास्त घोळ घातला जातो. आपल्याकडे बाळंतीण अंगावर पाजत नसेल तर पाचवीला आलेली प्रत्येक बाई कारण विचारते. आपल्या सरकारी मार्गदर्शनानुसार, आई नियमित गोळ्या घेत असेल तर पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं. फक्त म्हणजे फक्त! मध नाही, गुटी नाही, वरचं दूध नाही, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी बाळासाठी सांगितलेलं औषध तेवढं द्यायचं. अंगावरचं आणि वरचं दोन्ही दिलं की बाळाच्या आतड्याला इजा होऊ शकते आणि लागणीचा धोका वाढतो. गुटी उगाळणारी आजी घरात असणारच. तिला ‘डॉक्टरांनी सहा महिने काही द्यायचं नाही असं सांगितलंय’ एवढं पुरे, ते प्रत्येकच बाळाला लागू आहे. जन्मल्यापासून बाळाला किमान सहा आठवडे औषध असतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर ‘डॉक्टरांनी दिलंय’.

बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते, टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन. पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि शेवटचा निर्वाळा अठराव्या महिन्यात. मधला एक रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढचं सोडू नका. काहीच उपचार नसले तर शंभरात पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते, नीट उपचारांनी ते प्रमाण पाचाच्या खाली येतं. मी काम सुरू केलं तेव्हा कळा सुरू झाल्यावर नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला एकदा थेंब, एवढंच हातात होतं. २०१४ पासून प्रत्येक गरोदर बाईला पूर्ण उपचार कायमचे मिळू लागले, आणि आमच्या वहीतली कितीतरी बाळं अठराव्या महिन्याला मोकळी झाली. त्यातल्या काहींची बारशी मी खाल्ली आहेत.

तुमच्या आईला सांगायचं का? ते भावजयीनं ठरवायचं, तुम्ही नाही, भावानंही एकट्यानं नाही. पण माहेरी तिचं एक माणूस असू द्या, आई, बहीण, मावशी, कुणीही. ती तयार असेल तर त्या माणसाला एकदा सेंटरवर न्या, म्हणजे समजावण्याचं ओझं तिच्यावर पडत नाही.

तुम्ही लिहिलंय की तिला सेंटरवर सोडून तुम्ही स्टँडवर थांबता, कुणी ओळखीचं बघेल म्हणून. पुढच्या खेपेला तिला विचारा, आणि ती हो म्हणाली तर आत तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसा.